अहमद जमाल : पियानो, नाव आणि शिकागो

२०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अहमद जमाल ट्रिओच्या नव्या ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या. नाव होते 'एमराल्ड सिटी नाइट्स', म्हणजे पाचूच्या शहरातील रात्री. सिएटल शहराला तिकडे पाचूचे शहर म्हणतात. नव्या म्हणायच्या त्या केवळ प्रकाशनाच्या अर्थाने. त्यांतले वादन १९६३ ते १९६६ या काळात सिएटलमधील 'पेंटहाउस' नावाच्या एका लहानशा क्लबात झालेले आहे. त्या रात्रींचे कार्यक्रम किंग-एफएम या नभोवाणी केंद्रावरून प्रसारित होत, त्यांच्या फिती जपून राहिल्या होत्या. जवळजवळ साठ वर्षांनी त्या बाहेर आल्या तेव्हा पियानोवादक हयात होते. वय ९२. हे प्रकाशन त्यांच्या संमतीने आणि देखरेखीखाली झाले. पुढे पाच महिन्यांनी, १६ एप्रिल २०२३ रोजी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. १९६६ ते १९६८ या काळातला तिसरा भाग त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस निघाला.

अहमद जमाल हे नाव आपल्याकडे एखाद्या शाळामास्तरांचे, उर्दू शायराचे किंवा शेजारच्या गल्लीतल्या घड्याळजीचे असू शकते. ते विसाव्या शतकातील अमेरिकन संगीताच्या इतिहासात पहिल्या रांगेत असलेल्या एका माणसाचे नाव आहे, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असावे. यात वाचकांचा दोष नाही. जॅझ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते पंचतारांकित हॉटेल, धूर, मद्याचे पेले आणि तुतारी फुंकणारा कुणी काळा माणूस. मुंबईला हे संगीत तसे परके नाही. शिकागोत नाव कमावलेले टेडी वेदरफोर्ड १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात पियानो वाजवीत होते, त्यांच्यासारख्यांच्या सहवासात गोव्याचे किती तरी वादक तयार झाले. त्यांच्यातलेच चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले. म्हणजे ज्या चित्रपटगीतांवर आपली एक पिढी झुलली, त्यांत जॅझ होतेच, फक्त त्याचे नाव कुणी विचारले नाही. पण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

अहमद जमाल यांचा जन्म २ जुलै १९३० रोजी पिट्सबर्ग येथे झाला. आईवडिलांनी ठेवलेले नाव फ्रेडरिक रसेल जोन्स. घर बॅप्टिस्ट ख्रिस्ती. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. दक्षिणेकडील राज्यांतून आलेली काळी कुटुंबे तिथल्या भट्ट्यांभोवती वसली आणि का कोण जाणे, त्या धुराळलेल्या शहराने पियानोवादकांचे एक पीकच दिले. अर्ल हाइन्स, मेरी लू विल्यम्स, एरोल गार्नर, बिली स्ट्रेहॉर्न ही सारी मंडळी तिथलीच. शेवटची तिघे ज्या वेस्टिंगहाउस हायस्कुलात शिकली, तिथेच जमालही शिकले. तीन वर्षांचे असताना लॉरेन्स नावाच्या काकांनी पियानोवर काही वाजवून, हे तुला येईल का, असे थट्टेने विचारले आणि मुलाने ते जसेच्या तसे वाजवून दाखवले, अशी कथा ते स्वतः सांगत. थोरांच्या बालपणाविषयीच्या अशा कथांकडे मी जरा सावधपणेच पाहतो. परंतु सातव्या वर्षी त्यांची रीतसर तालीम सुरू झाली, ही गोष्ट मात्र पक्की. गुरू होत्या मेरी कार्डवेल डॉसन. या बाईंनी पुढे काळ्या गायकांसाठी स्वतंत्र ऑपेरा कंपनी स्थापन केली, कारण गोऱ्यांच्या ऑपेरात त्यांना रंगमंचाची दारे बंद होती. त्यांच्या शिकवणीत युरोपीय संगीत आणि काळ्यांचे संगीत यांत भिंत नव्हती. लिस्ट आणि ड्यूक एलिंग्टन एकाच बैठकीत शिकायचे. 'जॅझ' हा शब्द जमाल यांना आयुष्यभर आवडला नाही. आपण वाजवतो ते अमेरिकेचे अभिजात संगीत, असे ते म्हणत, त्याचे मूळ या बालपणात आहे.

चौदाव्या वर्षी त्यांचे वादन आर्ट टेटम यांनी ऐकले आणि हा मुलगा मोठा होणार असे सांगितले. टेटम जवळजवळ अंध होते आणि पियानोवर त्यांच्यासारखा वेग त्या काळात कुणाचा नव्हता. शाळा संपताच, १९४८ मध्ये, जमाल जॉर्ज हडसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर निघाले. पुढच्या वर्षी ते 'फोर स्ट्रिंग्ज' या चौघांच्या संचात होते. त्यातले व्हायोलिनवादक निघून गेल्यावर उरले ते 'थ्री स्ट्रिंग्ज', अर्थात तीन तारा. पियानो, गिटार आणि बास. बास म्हणजे माणसाच्या उंचीचे, उभे धरून बोटांनी छेडायचे ते भले मोठे तंतुवाद्य.

या तिघांच्या रचनेविषयी इथे थोडे सांगायला हवे, कारण आजही जगभर जे पियानो ट्रिओ दर महिन्याला नवनव्या ध्वनिमुद्रिका काढतात, त्यांची चौकट याच काळात ठरली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस नॅट किंग कोल यांनी पियानो-गिटार-बास असा संच लोकप्रिय केला. मोठा वाद्यवृंद पोसणे हॉटेलवाल्यांना परवडेना, तेव्हा तीन माणसे बरी पडत. आर्ट टेटम यांनीही तोच साचा उचलला. त्यात ताल धरायचे काम गिटारकडे असे. पुढे गिटारची जागा ड्रम्सनी घेतली आणि पियानो-बास-ड्रम्स हा आजचा परिचित संच रूढ झाला. पण रूढ झाला तो बहुतेक ठिकाणी असा की, पियानोवाला मालक आणि बाकीचे दोघे त्याचे नोकर. पियानोने धावायचे, बास आणि ड्रम्सनी मागे मागे पावले मोजायची. तबला साथीला आहे पण त्याने बोलायचे नाही, अशी आपल्याकडचीही एक रीत होतीच. जमाल यांनी ही घडी मोडली.

त्याआधी नावाची गोष्ट. १९५० च्या सुमारास, विशीत, फ्रेडरिक जोन्स यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते अहमद जमाल झाले. डेट्रॉइट शहरात त्यांची मुस्लिम समाजाशी ओळख झाली होती. अमेरिकेतील काळ्या लोकांपर्यंत इस्लाम पोहोचण्याची वाट मोठी रंजक आहे आणि तिचे एक टोक आपल्या उपखंडात आहे. १९२० साली पंजाबातील कादियानहून मुफ्ती मुहम्मद सादिक नावाचे अहमदिया पंथाचे प्रचारक फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरले. तिथे त्यांना काही आठवडे अडकवून ठेवण्यात आले. सुटका झाल्यावर पुढे त्यांनी शिकागोत मुख्यालय थाटले आणि १९२१ पासून 'मोस्लेम सनराइज' हे नियतकालिक काढले. या पंथाविषयी मुस्लिम समाजात असलेले तीव्र मतभेद वाचकांना ठाऊक आहेत, त्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. इतिहास म्हणून एवढेच नोंदवायचे की, १९४० आणि १९५०च्या दशकांत ज्या जॅझ वादकांनी इस्लाम स्वीकारला, त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत तो याच मार्गाने पोहोचला. ड्रम्सवादक आर्ट ब्लेकी हे अब्दुल्ला इब्न बुहैना झाले, केनी क्लार्क हे लियाकत अली सलाम झाले. विल्यम हडलस्टन हे युसेफ लतीफ झाले आणि त्याच नावाने जगाने त्यांना ओळखले. साहिब शिहाब, इद्रिस सुलेमान, नंतरच्या पिढीतले पियानोवादक मॅकॉय टायनर... यादी लांबेल. १९५३ साली 'एबनी' या काळ्यांच्या प्रमुख मासिकाने मुस्लिम संगीतकारांवर लेखच छापला होता.

लोकांनी लगेच हेतू विचारला. हे का मुसलमान झाले? त्याचे एक उत्तर त्या वेळी सर्रास दिले जाई. डिझी गिलेस्पी यांनी १९७९ च्या आत्मचरित्रात ते गमतीने नोंदवले आहे. दक्षिणेकडे वेगळे नळ, वेगळे डबे, वेगळी हॉटेले. अशा ठिकाणी एखादा वादक मुस्लिम नाव सांगे, मी इथला काळा नाही म्हणे, आणि गोऱ्यांच्या खानावळीत त्याला जेवण मिळे. आपल्याच देशात जेवण मिळण्यासाठी परदेशी भासावे लागते, ही त्या समाजव्यवस्थेची केवढी मोठी कबुली! या गोष्टी खऱ्या असतील. परंतु त्यावरून सारे धर्मांतर म्हणजे एका थाळीसाठी केलेले सोंग, असा निष्कर्ष काही अभ्यासक काढतात, तो मला मान्य नाही. असा हेत्वारोप आपल्या ओळखीचा आहे. आपले पूर्वज तलवारीच्या धाकाने किंवा लोभाने बाटले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत आणि १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्म स्वीकारला तेव्हाही हेतू विचारणारे होतेच. ज्याच्याकडे प्रतिष्ठा आहे त्याच्या श्रद्धेला कुणी कारण विचारत नाही. जमाल यांच्यापुरते बोलायचे तर नाव बदलल्यावर ते सत्तर वर्षांहून अधिक जगले. खानावळींची दारे कायद्याने उघडल्यावरही त्यांनी ते नाव सोडले नाही, नमाज सोडली नाही. आपण नाव बदललेले नाही, मूळचे नाव परत घेतले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गुलामांच्या जहाजांतून आलेल्या माणसांत आफ्रिकेतले मुसलमानही होते आणि जोन्ससारखी आडनावे त्यांना मालकांनी चिकटवली, हे लक्षात घेतले म्हणजे या म्हणण्याचा अर्थ कळतो.

आता शिकागो. १९५० नंतर जमाल तिथेच राहिले. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'एम्बर्स' क्लबात जॉन हॅमंड या जाणत्या माणसाच्या कानांवर हा संच पडला आणि त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. १९५५ पासून बासवर इस्रायल क्रॉस्बी आले. नंतर गिटार गेली आणि न्यू ऑर्लिन्सहून आलेले व्हर्नेल फूर्निये ड्रम्सवर बसले. एकाचे नाव अहमद, दुसऱ्याचे इस्रायल, तिसऱ्याचे आडनाव फ्रेंच. मुद्दाम जुळवू म्हटले तरी जुळणार नाही असा हा योग. फूर्निये यांनीही पुढे १९७०च्या दशकात इस्लाम स्वीकारला.

हे तिघे वाजवीत ते शिकागोच्या दक्षिण भागात, चौसष्टाव्या रस्त्यावरच्या पर्शिंग हॉटेलात. हा भाग कसा होता? दक्षिणेतून आलेल्या काळ्यांना या शहरात एका अरुंद पट्ट्यातच घरे मिळत, कारण बाकीच्या वस्त्यांतील मालमत्तेच्या खरेदीखतांत काळ्या माणसाला घर विकू वा भाड्याने देऊ नये अशी कलमे असत. पर्शिंगपासून काही रस्त्यांवर असलेल्या अशाच एका वस्तीत हॅन्सबेरी नावाच्या काळ्या कुटुंबाने घर घेतले, त्यांचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या घरातली मुलगी लोरेन पुढे नाटककार झाली. १९४८ साली अशी कलमे न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत असा निर्णय झाला. पर्शिंग हॉटेल त्या काळात काळ्यांच्या वस्तीचे मानाचे ठिकाण बनले होते. आपल्याला मोहल्ला ही गोष्ट माहीत आहे. घर मिळत नाही म्हणून माणसे एका जागी दाटतात, आणि मग बाहेरचे म्हणतात की यांना वेगळे राहायलाच आवडते.

१६ जानेवारी १९५८. त्या दिवशी पर्शिंगच्या लाउंजमध्ये आर्गो कंपनीने मुद्रणयंत्रे मांडली. आर्गो म्हणजे शिकागोतल्या चेस कंपनीची जॅझसाठीची शाखा. चेस कंपनी पोलंडहून आलेल्या दोन ज्यू भावांची. ख्रिस्ती घरात जन्मलेला मुसलमान पियानोवादक, त्याचे सोबती आणि ज्यू मालकाची कंपनी. अमेरिकेचे संगीत असे बनते, आणि ते तिच्या कायद्यांना बरेच उशिरा कळले. एकूण ४३ रचना ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांतल्या फक्त आठ जमाल यांनी निवडल्या. 'ॲट द पर्शिंग : बट नॉट फॉर मी' ही ती ध्वनिमुद्रिका. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाहून थोडी अधिक. ती 'बिलबोर्ड'च्या खपाच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकली. वाद्यसंगीताच्या, त्यातही जॅझच्या बाबतीत हे जवळपास अशक्य होते.

काय होते तिच्यात? आठांपैकी बहुतेक चाली त्या काळच्या लोकांना तोंडपाठ असलेल्या. गर्श्विन यांचे १९३० सालचे एक गाणे, 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेतले एक, नाण्यावर चालणाऱ्या पेट्यांतून ऐकू येणारे एक हलकेफुलके गाणे. नवे काही होते ते त्यांच्या मांडणीत. त्या काळात चार्ली पार्कर यांच्या प्रभावाने जॅझ वादक सुरांचा वर्षाव करीत होते. जितके सूर जास्त तितका कलावंत मोठा. जमाल चाल सुरू करतात, दोन वाक्ये म्हणतात आणि हात उचलून घेतात. पियानो गप्प. पण संगीत थांबलेले नसते. क्रॉस्बी यांचा बास स्वतःची चाल गुणगुणत असतो, फूर्निये यांचे ब्रश ड्रमच्या कातड्यावर सळसळत असतात. ऐकणारा ती अर्धी राहिलेली ओळ मनातच पुरी करतो. मग पियानो परत येतो तो अपेक्षित जागी येईलच असे नाही. कधी एकच सूर टिचकीसारखा मारून जातो, कधी एकदम दोन्ही हातांनी गडगडाट करतो, पुन्हा शांत. ख्याल ऐकणाऱ्याला यात नवल वाटू नये. सम कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती टाळण्याची मजा देता येते. या मोकळ्या जागांना समीक्षक 'स्पेस' म्हणतात. जमाल यांना तो शब्दही फारसा रुचत नसे, त्याला ते शिस्त म्हणत. मला हे पटते. बोलता येत असताना न बोलणे हे शिस्तीचेच काम आहे.

आठवी नव्हे, मधलीच एक रचना सगळ्यांत गाजली, 'पॉइन्सियाना'. मूळ १९३६ सालचे गाणे. क्यूबातील एका लोकगीताच्या आधारे रचलेले, एका झाडाला उद्देशून. ते झाड कोणते? पॉइन्सियाना म्हणजे आपला गुलमोहर. मादागास्करचे हे झाड तिकडे कॅरिबियन बेटांवर गेले तसे इकडे आपल्याकडे आले, आणि मे महिन्यात आपल्या रस्त्यांवर पेटते. त्या बेटांवरच्या एका फ्रेंच गव्हर्नराचे नाव त्याला चिकटले. म्हणजे नाव बदलण्याचा प्रकार झाडांनाही चुकलेला नाही.

आठ मिनिटांच्या या वादनाचा प्राण पियानोत नसून फूर्निये यांच्या ठेक्यात आहे. एका हातात मऊ टोकाची काठी, दुसऱ्या हातात साधी. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरून लग्नकार्यांच्या, अंत्ययात्रांच्या, सणांच्या मिरवणुका जातात, त्यांतले ढोल त्यांनी एकट्याने एका संचावर उतरवले. ठेका सुरू होतो तो शेवटपर्यंत ढळत नाही. त्यावर जमाल आपली चाल तुकड्यातुकड्यांनी मांडतात, जणू नदी वाहते आहे आणि काठावरून कुणी एकेक फूल टाकतो आहे. मधेच श्रोत्यांची कुजबुज, पेल्यांची किणकिण ऐकू येते. हे सगळे त्या मुद्रिकेत राहिले आहे. ऐकताना आपण त्या लाउंजमध्ये मागच्या खुर्चीवर बसलेलो असतो.

लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि म्हणूनच काही समीक्षकांनी ती पायदळी तुडवली. जॅझच्या प्रमुख नियतकालिकात तिची वासलात लावण्यात आली. हे तर कॉकटेल-संगीत, जेवताना मागे वाजण्याच्या लायकीचे, या माणसाचे खरे वाद्य पियानो नसून त्याचा श्रोता आहे, अशा आशयाचे शेरे मारले गेले. यातला शेवटचा शेरा टीका म्हणून केला होता, पण ज्याने मैफल ऐकली आहे त्याला ती स्तुतीच वाटेल. खपते ते हिणकस असले पाहिजे, हा समज आपल्या साहित्यातही कमी नाही. आणि लक्षात घ्यावे की या वेळी न्यूयॉर्कचे समीक्षक बोलत होते, तर मुद्रिका विकत घेणारे बरेचसे लोक शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड यांच्या काळ्या वस्त्यांतले कारखान्यातून घरी परतणारे कामगार होते.

वादकांचे मत मात्र पहिल्यापासून वेगळे होते. माइल्स डेव्हिस यांना त्यांच्या बहिणीने जमाल यांच्याविषयी सांगितले, तेव्हापासून ते शिकागोत आले की ऐकायला जाऊन बसत. आपल्या पियानोवादकाला, रेड गार्लंड यांना, ते जमालसारखे वाजव म्हणून सांगत. जमाल यांची 'न्यू रुम्बा' ही रचना १९५७ मध्ये माइल्स आणि गिल एव्हान्स यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी जशीच्या तशी उतरवून घेतली. जमाल यांची आणखी एक रचना आणि त्यांच्या पद्धतीने बांधलेले एक लोकगीत माइल्स यांच्या संचाच्या मुद्रिकांत आहे. आपल्या वादनावरचा हा प्रभाव माइल्स यांनी कधी लपवला नाही. ज्या माइल्स डेव्हिस यांना समीक्षक मौनाचा जादूगार म्हणत, त्यांनी ते मौन कोणाकडून घेतले हे विचारण्याची तसदी त्याच समीक्षकांनी घेतली नाही. १९५९ नंतर बिल एव्हान्स यांच्या ट्रिओने तीन वाद्यांमधील समान संवाद आणखी पुढे नेला आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे श्रेय बहुतेक त्यांनाच मिळते. एव्हान्स मोठे होते, यात शंका नाही. पण क्रॉस्बी-फूर्निये-जमाल हे तिघे त्याआधीच एकमेकांशी बोलत होते.

यशाचा पैसा आला. १९५९ मध्ये जमाल इजिप्त आणि सुदानला जाऊन आले. पूर्वजांच्या भूमीची ओढ त्यात होती. आपल्या धर्माने आपल्याला स्वतःच्या वंशाविषयी मनःशांती दिली, असे त्यांनी तेव्हा सांगितले. नेमके त्याच वर्षी, जुलैमध्ये, न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीवर 'द्वेषातून जन्मलेला द्वेष' अशा अर्थाच्या नावाचा एक माहितीपट दाखवला गेला. तो एलिजा मुहम्मद यांच्या 'नेशन ऑफ इस्लाम'विषयी होता. या संघटनेशी जमाल यांचा संबंध नव्हता. पण तिचे मुख्यालय होते शिकागोतच, आणि त्या माहितीपटानंतर सामान्य गोऱ्या अमेरिकनाला काळा मुसलमान म्हणजे एकच प्रकारचा माणूस दिसू लागला. दहा वर्षांपूर्वी ज्या नावाने खानावळीचे दार उघडत होते, तेच नाव आता भीतीचे झाले. नावाचा अर्थ ते धारण करणारा ठरवत नाही, भोवतालचे लोक ठरवतात. हे २००१ नंतर जगातल्या प्रत्येक अहमदला आणि जमालला कळले.

आफ्रिकेहून परतल्यावर त्यांनी शिकागोत स्वतःचे उपाहारगृह आणि क्लब काढला. नाव ठेवले 'अल्हम्ब्रा', ग्रॅनाडातील नस्री सुलतानांच्या त्या राजवाड्यावरून. तिथे दारू मिळत नसे. याचे महत्त्व ओळखायचे तर जॅझचा सारा आर्थिक पाया दारूच्या विक्रीवर होता, हे ध्यानात घ्यावे लागते. क्लबवाला संगीत देतो ते पेले खपावेत म्हणून. त्या व्यवहारात अनेक गुणी वादक मद्यात आणि हेरॉइनमध्ये बुडाले, तिशी-चाळिशीत संपले. संगीत तेवढे ठेवून दारू काढून टाकावी, हा जमाल यांचा प्रयोग होता. तो चालला नाही. १९६१ च्या अखेरीस अल्हम्ब्रा बंद पडले. त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथे ध्वनिमुद्रित झालेले वादन तेवढे 'अहमद जमाल्स अल्हम्ब्रा' या नावाने उरले आहे. युसेफ लतीफ यांनीही पुढे दारू विकली जाते तिथे वाजवायचे नाही असे ठरवले, पण तोवर त्यांच्यासाठी विद्यापीठांची सभागृहे उघडली होती. १९६१ साली जमाल यांच्यासमोर तो पर्याय नव्हता.

पुढचे वर्ष वाईट गेले. संच मोडला, क्रॉस्बी आणि फूर्निये दुसऱ्या पियानोवादकाकडे गेले, आणि ऑगस्ट १९६२ मध्ये क्रॉस्बी हृदयविकाराने वारले. वय अवघे ४३. जमाल न्यूयॉर्कला गेले, काही काळ वादन जवळजवळ थांबले. मग नवे साथीदार आले. बासवर जमील नासिर होते, तेही मुसलमान, पूर्वाश्रमीचे जॉर्ज जॉयनर. सिएटलच्या त्या फिती या काळातल्या आहेत. त्यांत पर्शिंगचा संयम कमी आहे आणि जोर जास्त. हात आता मोकळे सुटलेले आहेत, पियानोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आवडीचे विचाराल तर मी अजूनही पर्शिंगच निवडीन. परंतु १९६० नंतर जमाल थांबले, तेच तेच करीत राहिले, हा जो समज होता तो या फितींनी निकालात काढला, म्हणून इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल आहे. 

१९७० च्या 'द अवेकनिंग' या मुद्रिकेचे पुढे विचित्र भाग्य उजळले. वीस-पंचवीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या हिप-हॉप करणाऱ्या पोरांनी जुन्या तबकड्यांच्या ढिगातून ती उचलली आणि तिच्यातले दोन-चार क्षण कापून आपल्या कवनांखाली फिरवत ठेवले. १९९४ साली नास या तरुण कवी-गायकाचे एक गाणे अशाच तुकड्यावर उभे राहिले. ज्या पोरांनी पर्शिंगचे नाव ऐकले नव्हते, त्यांच्या कानांत जमाल पोहोचले ते असे. मोकळ्या जागा होत्या म्हणूनच त्यांत शब्द बसले. त्याच वर्षी अमेरिकी शासनाच्या कला विभागाने त्यांना 'जॅझ मास्टर' हा सन्मान दिला. ज्या शब्दाशी त्यांचे कधी जमले नाही, तोच त्या पदवीत होता. फ्रान्सने २००७ मध्ये गौरव केला, ग्रॅमीचा जीवनगौरव २०१७ मध्ये मिळाला. मानसन्मानांची ही जंत्री इथेच पुरे.

२०१९ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांची 'बॅलड्स' ही मुद्रिका आली. तीत बहुतांश ते एकटेच आहेत, काही ठिकाणी तेवढा बास साथीला. 'पॉइन्सियाना' तीतही आहे. फूर्निये २००० साली गेले होते, क्रॉस्बी जाऊन तर अर्धशतक उलटले होते. ड्रम्स नाहीत, बास नाही, न्यू ऑर्लिन्सची ती मिरवणूक नाही. नुसता पियानो, आणि लय मंदावलेली. अनेक ठिकाणी ते थांबतात, आणि त्या थांब्यात जुना ठेका ऐकणाऱ्याला आपोआप ऐकू येतो.